निकालाआधीचा फ्लेक्स

सखाराम उघडे खोटं बोलू शकत नाही, हे मला पहिल्याच भेटीत कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण त्या दिवशी मी स्वतःचंच बोलणं ऐकण्यात गुंग होतो.

मी महिपती. उल्हासनगरात कॅम्प चारला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, जे सांगाल ते छापून देतो. पाच-सहा वर्षांपूर्वी धंदा पार बसला होता, तेव्हा रिकाम्या दुकानात बसून मोबाइलवर आकर्षणाच्या नियमाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. माणूस ज्याचा ध्यास घेतो ते त्याच्याकडे ओढलं जातं. मागायचं, मिळालं असं मानायचं, आणि मिळाल्यासारखंच वागायचं. पुढे धंदा सावरला. तो निवडणुका आल्या म्हणून सावरला, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, माझ्या विचारांनी सावरला.

मग काय विचारता. अंबरनाथला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी क्लास सुरू केला. फी एक पैसा नाही, आणि हे मी दर रविवारी न चुकता सांगायचो. मला पैसा नकोच होता. मला हवं होतं ते 'सर'. बारावीला दोनदा आपटलेल्या माणसाला तीस-चाळीस माणसं सर म्हणायला लागली की त्याची पावलं जमिनीवर राहत नाहीत. दुकानाशेजारचा सिंधी कापडवाला येता-जाता हात जोडून म्हणायचा, "महिपती साईं, तू तो गुरुजी बन गया!" तो टिंगल करत होता. मला आशीर्वाद वाटायचा.

मोरिवलीच्या एका कारखान्याचे सुरक्षा सप्ताहाचे फ्लेक्स मी छापले होते. मॅनेजर म्हणाला, फ्लेक्स आणलेच आहेत तर कामगारांना दोन शब्द सांगा. मी दोन शब्दांची चाळीस मिनिटं केली. सगळे चहाकडे पळाले तेव्हा एक जण मागे राहिला. काळासावळा, सडपातळ, पन्नाशीला टेकलेला, पँटचे पाय घोट्यावर दुमडलेले. हा सखा. रसायनांचे रिकामे ड्रम धुण्याचं काम तो तिथे एकोणीस वर्षं करत होता, तेही कंत्राटदाराच्या हजेरीवर.

त्याच्याबद्दल मुकादमाने मला त्याच दिवशी एक गोष्ट हसत सांगितली. संध्याकाळी ड्रम किती झाले विचारलं की बाकीचे एक आकडा सांगतात. सखा दोन सांगतो. एवढे धुतले, आणि एवढे धुतले पण नीट निघाले नाहीत. त्या दुसऱ्या आकड्यापायी तो एकोणीस वर्षं बोलणी खात आला, पण आकडा सांगायचं सोडलं नाही. मीही हसलो. असा माणूस मागेच राहायचा, असं माझ्या मनात आलं.

सखाचं गाव बारवी धरणाच्या बाजूला, बदलापूरहून जीपने पाऊण तास. तीस-पस्तीस घरं, डोंगरउतारावरची भाताची खाचरं. सखाने लहानपणी गवत कापलं, लाकडं वाहिली, मग कारखान्याची वाट धरली. बायको जिजा. मुलगी एकच, निशा. वाडीतली पहिली पदवीधर. तिला पोलीस व्हायचं होतं, आणि रोज पहाटे ती वाडीपासून नाक्यापर्यंत आणि परत पळायची. सखाला मला एवढंच विचारायचं होतं, की पोरगी पळते, अभ्यास करते; मग बापानं काय करायचं?

खरं उत्तर होतं, काही नाही. तिला दूध द्या आणि तिच्या वाटेतून बाजूला व्हा. मी म्हणालो, "रविवारी या."

तो दर रविवारी यायला लागला. पहिली जीप पकडून, इस्त्री केलेला शर्ट घालून. शेवटच्या रांगेत बसायचा. आमच्याकडे प्रत्येकाने उभं राहून आपली इच्छा पूर्ण झाल्यासारखी मोठ्याने सांगायची पद्धत होती. 'मी नव्या फ्लॅटमध्ये राहतो आहे.' 'माझी शुगर नॉर्मल आहे.' लोक धडाधड सांगायचे, टाळ्या पडायच्या. सखाची पाळी आली की तो उभा राहायचा, तोंड उघडायचा, आणि घाम पुसत खाली बसायचा.

तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर तो म्हणाला, "सर, माझ्याच्यानं नाय व्हत."

"काय होत नाही?"

"पोरगी पोलीस झाली असं तोंडानं बोलवत नाय. झाली नाय ना अजून. जीभच वळत नाय."

मी त्याला समजावलं, की हे खोटं नाही, हे उद्याचं खरं आहे. वाक्य छान होतं, मला स्वतःलाच आवडलं. सखाने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "असं करा. तुमी छापून द्या. छापलेलं वाचाया काय, ते मी वाचीन."

आमच्या भागात मुलगा नोकरीला लागला, मुलगी डॉक्टर झाली, की नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. तेव्हा सखाच्या डोक्यात फ्लेक्स यावा यात नवल नव्हतं. नवल माझं. मी कपाळाला हात लावायचा, तर मला ती कल्पना भलतीच ग्रेट वाटली. मी स्वतः मशीनवर बसलो. सहा बाय चार. 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल कु. निशा सखाराम उघडे हिचे हार्दिक अभिनंदन!' निशाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा चेहरा एका खाकी गणवेशातल्या बाईच्या अंगावर बसवला, आणि मान इतकी बेमालूम जोडली की माझा मीच खूश. खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल केला. त्यात माझा गॉगलमधला फोटो, आणि फोटोखाली 'मार्गदर्शक'.

तो फ्लेक्स घरात, खाटेसमोरच्या भिंतीवर लावायचा होता. सखाने तसाच लावला. भिंत अपुरी पडली म्हणून एक कोपरा चुलीकडे वळवावा लागला. रोज सकाळी तो उभा राहून एकेक अक्षर लावत वाचायचा, जिजाने मला नंतर सांगितलं. निशा तोंड फिरवून अभ्यास करायची. बापाला बरं वाटतंय ना, मग असू दे, असं तिचं म्हणणं.

मैदानी चाचणी तिने चांगली दिली. लेखीही झाली. निकाल लागायचा होता, तेवढ्यात वनरक्षकांच्या भरतीची जाहिरात निघाली. बाप-लेक फॉर्म भरायला माझ्याच दुकानात आले, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर आणि स्कॅनर दोन्ही होते. निशाने कागद नीट लावून आणले होते. जन्म रानात गेलेली, पळणारी पोर. ती भरती जणू तिच्यासाठीच निघाली होती.

मी खुर्ची मागे ढकलून म्हणालो, "दुसरा फॉर्म म्हणजे शंका. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला विश्व काहीच देत नाही."

निशा म्हणाली, "काका, भरून ठेवायला काय जातं?"

मी सखाकडे बघितलं. सखाने निशाकडे बघितलं. तो म्हणाला, "सर बोलतात तर ऱ्हाऊ दे." तिने कागद परत पिशवीत घातले. मुदत चार दिवसांनी संपली.

त्याच आठवड्यात, त्याच कॉम्प्युटरवर, मी माझ्या शलाकाचे फॉर्म भरले. बँकेचा, रेल्वेचा, तलाठ्याचा, आणि आणखी एक. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी विश्वावर एक रकानादेखील सोडला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, पण ती माझ्याबद्दल आहे हे तेव्हा सुचलं नाही. मला त्यात काही विसंगत आहे असंसुद्धा वाटलं नाही, याची लाज आज जास्त वाटते.

आता फ्लेक्स नाक्यावर कसा गेला ते सांगतो. वाडीत हिंदुराव म्हणून एक गृहस्थ आहेत. सत्कार हा त्यांचा श्वास. कोणाची म्हैस व्याली तरी शाल घेऊन जातील. ते काही कामाला सखाच्या घरी डोकावले आणि त्यांना भिंत दिसली. सखा कामावर, निशा लायब्ररीत. घरात फक्त जिजा. ती काय बोलणार? हिंदुराव म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट चुलीपाशी लपवून ठेवता व्हय?" आणि त्यांनी पोरांना बोलावून फ्लेक्स उतरवला, नाक्यावर दोन बांबू ठोकून चढवला.

संध्याकाळी सखा जीपमधून उतरला तो लोकांनी त्याला उचललंच. त्याने तिथूनच, गर्दीच्या कडेला जाऊन मला फोन केला.

"सर, फ्लेक्स भायेर लागला. समदे विचारतात. सांगू का, की अजून व्हायचंय?"

त्या क्षणी मी 'सांगा' एवढं म्हणालो असतो तर सगळं तिथेच थांबलं असतं. लोक हसले असते, हिंदुरावांनी डोकं खाजवलं असतं, फ्लेक्स घरी गेला असता. पण मी फोनवर, दुकानात दोन गिऱ्हाइकं ऐकत असताना, म्हणालो, "सखाभाऊ, हा संकेत आहे. विश्व काम करतंय. तुम्ही नाही म्हणालात की संपलं."

"मंग काय बोलू?"

"काहीच बोलू नका."

आणि ज्या माणसाला एक ड्रम जास्त सांगता आला नाही, तो माणूस गप्प बसला. खोटं बोलला नाही. नुसता उभा राहिला, आणि लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर निशाला शाल-श्रीफळ दिलं. ती म्हणत होती, "अजून निकाल लागलेला नाही." हिंदुराव म्हणाले, पोर विनयी आहे. बापाचा चेहरा बघून तीही मग गप्प झाली. तिचे शाल पांघरलेले फोटो हिंदुरावांनी सगळीकडे पाठवले. माझ्याकडेही आले. मी ते क्लासच्या ग्रुपवर टाकले.

अकरा दिवसांनी निवड यादी लागली. निशाचं नाव नव्हतं. तीन गुणांनी राहिलं.

मला निशाचा मेसेज आला, नुसता 'नाही झालं काका.' मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. त्यानंतरच्या रविवारी सखा क्लासला आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं ते सांगतो.

तो आला बुधवारी दुपारी, दुकानात. माझ्या क्लासची पाच-सहा माणसं एका कार्यक्रमाचं ठरवायला बसली होती. सखाने चपला बाहेर काढल्या. दुकानात कोणी चपला काढत नाही. आत येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चूक माझी हाय. तुमाला सांगून टाकतो म्हंजे मोकळा व्हईन."

मी म्हणालो, "बसा आधी."

तो बसला नाही. "लेखीच्या दिवशी मी तिला बदलापूर टेशनावर सोडाया गेलो. गाडी हलली. तवा माझ्या मनात आलं, हिचं नाय झालं तर? येवढंच. एकदाच. लगेच मी दुसरा इचार केला, पन येऊन गेलं ते गेलं. त्याच्यापायी पोरीचं गेलं. कोनाला बोललो नाय. तिला कसं सांगू?"

दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. सर काय सांगतात म्हणून. माझ्या ओठांवर होतं, की अहो, बापाच्या मनात असं येणारच. तिचे तीन गुण कमी पडले, त्याचा तुमच्या मनाशी काय संबंध? पण संबंध नाही म्हटलं, की मग बाकीचं काय उरतं? माझा रविवार काय उरतो?

मी म्हणालो, "हं. होतं असं कधी कधी."

त्या माणसांनी माना हलवल्या. एक बाई हळहळून म्हणाली, "बघा, एक शंका किती नडते." सखाने त्या सगळ्यांना हात जोडले, चपला घातल्या आणि तो गेला. जन्मात मी बरेच उद्योग केले, पण त्या 'हं'इतकं हलकं काम कधी केलं नाही.

फ्लेक्स अजून नाक्यावर होता. हिंदुराव त्या बाजूला फिरकत नव्हते. सखा काढत नव्हता, कारण काढायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. येणारा-जाणारा वाचत होता, आणि कोपऱ्यात गॉगल लावून मी. आमच्या क्लासमधल्या एकाने जीपमधून जाताना त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, 'सर, ही तीच मुलगी का?'

शनिवारी पहाटे मी मोटरसायकल काढली. मुलीला धीर द्यायला निघालोय असं घरी सांगितलं. उजाडता उजाडता नाक्यावर पोचलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. खिशातून दुकानातलं कटर काढलं, आणि फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यातला माझा गोल कापायला लागलो. हो, तेवढाच. पोरीचा चेहरा, खाकी गणवेश, अभिनंदन, सगळं तसंच ठेवून फक्त मला काढून नेणार होतो.

गोल हातात आला आणि मागे धापा टाकल्याचा आवाज आला. निशा. ट्रॅक पँट, केस घट्ट बांधलेले, घामाने भिजलेली. यादीत नाव नसतानाही ती पळायची थांबली नव्हती. तिने भोकाकडे बघितलं, माझ्या हातातल्या माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका," ती म्हणाली, "बाकीचा पण काढा ना. वरच्या दोरीला माझा हात पुरत नाही."

एवढंच. मी दोऱ्या कापल्या. तिने खालून फ्लेक्स धरला, आम्ही दोघांनी मिळून घडी घातली. मी काहीतरी पुटपुटलो, की माझं चुकलं, मुलीच्या जातीला असं चारचौघांत... तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"माझं काही नाही, काका. मी पुढच्या वेळी देईन. पण बाबांनी चार दिवस धड भाकरी खाल्ली नाही. तोंडात घास घोळवतात आणि ताट सारतात. म्हणतात, माझ्या शंकेनं तुझं वाटोळं झालं. मी सांगितलं, आईनं सांगितलं, ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही फक्त एवढं सांगा, की यात त्यांची चूक नाही."

मी तिच्या मागून मोटरसायकल ढकलत वाडीत गेलो. चालू करून पुढे जायची लाज वाटत होती.

सखा ओट्यावर बसला होता. खरंच वाळला होता. मला बघून लगबगीने उठला, पाट मांडला, जिजाला चहा टाकायला सांगितलं. मी बसलोच नाही. वाटेत ठरवलं होतं, की जे बोलायचं ते उभ्या उभ्या, एका दमात.

"सखाभाऊ, मी शिकवलं ते सगळं थोतांड आहे. मनात शंका आली म्हणून कोणाचे गुण कमी होत नाहीत. परवा दुकानात मी चार लोकांसमोर लाज जाईल म्हणून गप्प बसलो. तुम्ही काही केलेलं नाही. केलं ते मी. निशाचा फॉर्म मी भरू दिला नाही, आणि त्याच आठवड्यात माझ्या शलाकाचे चार फॉर्म भरले. माझाच विश्वास नव्हता."

इतकं खरं मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. डोळे भरून आले. निशा दारात तांब्या घेऊन उभी होती. मी सखाच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. वाटलं, आता तो चिडेल. दोन शिव्या घालेल. घालू दे, मला त्या हव्याच होत्या.

सखाने पुढे होऊन माझे दोन्ही हात धरले.

"पोरीच्या बापाचं मन हाय, सर. भरले फॉर्म तर काय झालं. मी रागावलो नाय." त्याने हात आणखी घट्ट धरले. "पन माझ्यापायी तुमचा इश्वास गेला, हे लय वंगाळ झालं. तुमी येवढ्या मानसांना उभं करता. माझ्या एका शंकेनं पोरीचं गेलं ते गेलं, आता तुमचं पन गेलं."

"अहो, तसं नाही..."

"नाय, तुमी बोलू नका." पहिल्यांदाच त्याने मला मध्ये अडवलं. "उद्या रविवार, मी येतो. समद्यांसमोर उभा ऱ्हातो आणि सांगतो, चूक माझी व्हती, सरांची नाय. आता हे मला बोलता येईल. हे खरं हाय."

त्याच्या तोंडावर जरा तजेला आला. करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं त्याला. आत वळून त्याने जिजाला हाक मारली, "ऐकलं का, सरांना चा दे आणि मला भाकरी वाढ. इस्त्रीचा शर्ट कुठं हाय बघ, उद्याला लागंल."

जिजाने धावत येऊन ताट मांडलं. भाकरी, वालाची आमटी, कांदा. सखाने पहिला घास मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. जिजा पदराने डोळे पुसत त्याला वाढत होती.

निशा दारातून माझ्याकडे बघत होती. बोला, असं तिने नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. चार दिवसांनी माणूस जेवत होता. मी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.